डागडुजीचा पुरावा : कुलाब्यात बांधलेल्या ‘सुहेली’ची गोष्ट

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की ‘प्राथमिक स्रोत’ या मथळ्याखाली हात थोडा अडखळतो. मग कागदपत्रं, वर्तमानपत्रं, रोजनिश्या, आत्मचरित्रं, मुलाखती अशी यादी होते आणि आपण सुटकेचा नि:श्वास टाकून ‘संशोधनपद्धती’कडे वळतो. वस्तू त्या यादीत सहसा येत नाही. आलीच तर परिशिष्टातल्या फोटोपुरती.

म्हणून आज एका वस्तूचा इतिहास. वस्तू म्हणजे शिडाची एक होडी. लांबी साधारण ३२ फूट, दोन डोलकाठ्या, सागाचं लाकूड, नाव ‘सुहेली’. बांधली मुंबईत, कुलाब्याला, १९६३-६४ साली. हिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून एकटेच निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परत आले. ३१२ दिवस. असं करणारा हा जगातला पहिला माणूस.

ही गोष्ट तुम्ही शोधलीत तर शेकडो लेख सापडतील आणि बहुतेकांत ‘मुंबईत बांधलेली’ एवढे दोनच शब्द असतील. पुढे सगळा त्या ३१२ दिवसांचा थरार. आता साधा हिशोब करा. होडीचं वय साठ वर्षांच्या पुढे गेलंय. त्यातलं एक वर्षसुद्धा त्या शर्यतीत गेलेलं नाही. मग बाकीची वर्षं तिने काय केलं? उत्तर अगदी नीरस आहे : तिची दुरुस्ती चालू होती. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) हे पुस्तक तुमच्यापैकी काहींनी चाळलं असेल. त्यांची तक्रार हीच आहे की तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणारे शोध लागल्याच्या तारखांमागे धावतात. वस्तू वापरणं, सांभाळणं, दुरुस्त करणं याकडे कोणी बघत नाही. ‘सुहेली’ला हे म्हणणं लावून बघू या, काही हाताला लागतं का.

सुरुवात आराखड्यापासून. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते, वय चोवीस-पंचवीस, मुक्काम मुंबईला. मित्रांबरोबर भागीदारीत होडी बांधून ती इंग्लंडला न्यायची असा बेत. त्यांनी एका इंग्लिश कंपनीकडून आराखडे मागवले, आणि आले ते भलत्याच होडीचे. ‘एरिक’ नावाची ही घडण अमेरिकेतल्या विल्यम अ‍ॅटकिन यांनी १९२० च्या दशकात काढलेली, आणि तीही मुळात नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचाव-होड्यांवर बेतलेली. या बचाव-होड्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या. दोन्ही टोकं निमुळती, पोट रुंद, तळाला पुढून मागपर्यंत लांब कील. त्यांचं काम वादळात बाहेर पडून मच्छीमारांना वाचवायचं होतं, त्यामुळे वेगापेक्षा तग धरण्याला महत्त्व. म्हणजे पाण्यात उतरली त्या दिवशीच ‘सुहेली’ घडणीने जुनी होती. ‘जुनी वस्तू’ म्हणताना आपण कशाचं वय मोजतोय, लाकडाचं की कल्पनेचं, हे आधी ठरवायला लागतं ते यासाठी.

बांधणीही तशीच. कुलाब्याच्या सुतारांनी ती हाताने बांधली. मोठ्या लाकडांना आकार दिला तासणीने, भोकं पाडली ती धनुकलीने फिरवायच्या हत्याराने. सागात सिलिकाचं प्रमाण बऱ्यापैकी असतं, त्यामुळे हत्यारांची धार भराभर जाते. हे वाचायला एक वाक्य आहे. तासणी चालवणाऱ्याला ते दिवसभर पुरतं. नाव मात्र अरबी खलाशांचं. इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ते सुहेली म्हणतात.

इथे एक सावधगिरी. मुंबईत सागाची जहाजं बांधायचं काम जुनं आहे. वाडिया घराण्याने १७३६ पासून इथे जहाजं बांधली. जमशेदजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. तेव्हा १८१७ पासून १९६३ पर्यंत एक सरळ रेघ ओढून ‘वाडियांची परंपरा सुहेलीत उतरली’ असं लिहायचा मोह होतो. वाक्य झकास दिसतं, पण ते लिहू नका. दोन्हीकडे साग आहे आणि दोन्हीकडे मुंबई आहे, एवढ्याने परंपरा सिद्ध होत नाही. कोण कोणाकडे शिकलं, कुठल्या गोदीतून कुठे गेलं, हे दाखवावं लागेल. चांगला प्रबंध-विषय आहे, कोणी घेणार असेल तर.

होडी डिसेंबर १९६५ मध्ये मुंबईहून निघाली. मालक, त्यांचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे. आफ्रिकेचा किनारा धरून, दक्षिण आफ्रिकेत पैसे मिळवायला काही महिने थांबून, ती १९६७ मध्ये इंग्लंडला पोचली. आणि पोचल्यावर मालकाने काय केलं? विकायला काढली! एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची तर त्यांना ५३ फुटी पोलादी नवीन होडी हवी होती. पैसा उभा राहिला नाही, जुनीला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी आहे तीच घेऊन निघायचं ठरलं. त्याच सुमारास, मार्च १९६८ मध्ये, ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. जो पहिला परत येईल त्याला करंडक, आणि जो सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला ५,००० पौंड. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात कधीही निघा. नऊ जण निघाले, एकटी ‘सुहेली’ परत आली.

‘जुनी, दणकट, पारंपरिक होडी म्हणूनच जिंकली’ हा निष्कर्ष तुम्हाला ठिकठिकाणी छापलेला दिसेल. विज्ञान शिकलेल्या माणसाला तो बोचला पाहिजे. नऊ नमुने, त्यातला एक उरला, आणि उरलेल्याचे गुण ते सगळे यशाचे कारण? बर्नार मोआतेसिए यांची पोलादी ‘जोशुआ’ ‘सुहेली’पेक्षा वेगवान होती आणि शेवटपर्यंत धडधाकट होती, हॉर्न भूशिर ओलांडल्यावर त्यांनाच घरी परतावंसं वाटलं नाही, ते पुन्हा हिंदी महासागरातून ताहितीला गेले. नायजेल टेटली यांची होडी फुटली, पण का फुटली ते पुढे येईल. ‘सुहेली’चा सरासरी वेग ताशी चार सागरी मैल पडला. निवांत सायकल चालवणारा माणूस तिला मागे टाकेल. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ हे इथे सिद्ध झालेलं नाही. जे दाखवता येतं ते असं : ही होडी तिच्यावर असलेल्या एकट्या माणसाला, तिच्यावर असलेल्या सामानाने, समुद्राच्या मधोमध दुरुस्त करता येत होती.

याचा पुरावा पहिल्या महिना-दीड महिन्यातच आहे. केप व्हर्द बेटांच्या दक्षिणेला असताना होडीत पाणी जास्त येतंय हे त्यांच्या लक्षात आलं. रोज दोनदा पंप मारावा लागे. वारा पडला तेव्हा ते मुखवटा लावून खाली उतरले. कील आणि तिला लागून असलेली पहिली फळी यांच्यामधला सांधा उघडला होता. लांबी सुमारे आठ फूट, आणि तोच प्रकार दुसऱ्या बाजूलाही. होडी लाटांवर हलकेच डुलली की फट किंचित उघडत होती, किंचित मिटत होती.

लाकडी होडी कशी बांधतात हे माहीत नसेल तर या फटीची भीती कळणार नाही. फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नसतात. त्या आतल्या बरगड्यांना खिळे-बोल्टांनी बसवलेल्या असतात आणि दोन फळ्यांमधल्या सांध्यात कापूस ठासून वर लुकण भरतात. पाण्यात लाकूड फुगतं आणि सांधा आणखी घट्ट होतो. पावसाळ्यात आपल्याकडे दारं फुगून चौकटीत अडकतात तोच प्रकार; दाराच्या बाबतीत वैताग, होडीच्या बाबतीत वरदान. पण सांधा उघडमीट करायला लागला तर भरलेला कापूस बाहेर पडतो, आणि कीलजवळ तो उघडमीट करत असेल तर आतला सगळा सांगाडाच हलतोय का अशी शंका येते.

गोदीत हे काम एका दिवसाचं. इथे होडी वर घेता येत नव्हती. पाण्याखाली पाच फुटांवर, एका श्वासात जेवढं होईल तेवढं काम करायचं होतं. त्यांनी आधी नेहमीसारखा कापूस ठासून बघितला. दम संपून वर यायच्या आत तो परत बाहेर. मग युक्ती बदलली. कॅनव्हासची दीडेक इंच रुंद लांब पट्टी घेऊन कापूस तिच्यावर शिवला, पट्टीला पाइनचं डांबर फासलं, तिच्यात तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या आणि ती सांध्यावर ठोकत गेले. गोरं अंग शार्कना दिसू नये म्हणून गडद शर्ट आणि जीन्स घालून. तरी एक शार्क आलाच. तो जाईना म्हणून शेवटी बंदुकीने मारावा लागला. कॅनव्हासवर संरक्षण म्हणून तांब्याच्या पत्र्याची पट्टी ठोकली. ती कुठून आली? रेडिओ बसवायला आलेल्या मार्कोनीच्या लोकांकडून उरलेला पत्रा होडीवर पडला होता. दुसऱ्या बाजूचं काम एक-दोन दिवसांनी, पुन्हा वारा पडल्यावर.

रसायनशास्त्रवाले इथे दचकतील. लोखंडी खिळे-बोल्ट असलेल्या होडीला खाऱ्या पाण्याखाली तांबं ठोकायचं? दोन धातू, मध्ये मीठ-पाणी, म्हणजे घटच तयार झाला, आणि त्यात झिजणार लोखंड. बरोबर आहे. पण झिजायला वर्षं लागतात आणि बुडायला काही तास पुरतात. डागडुजी ही नेहमी कुठल्या तरी मुदतीपुरती असते, आणि ती मुदत कोणी, किती धरली होती हे इतिहासकाराने विचारायचं असतं.

आता मूळ मुद्दा. हे सगळं आपल्याला कसं कळतं? मुख्यतः त्यांच्या नोंदवहीवरून आणि १९६९ मध्येच आलेल्या ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ या त्यांच्या पुस्तकावरून. दोन्ही एकाच माणसाची, आणि पुस्तक तर जिंकल्यानंतरचं. रेडिओ काही महिन्यांतच बंद पडला. नोव्हेंबरमध्ये मेलबर्नजवळ पायलट बोटीला आणि न्यूझीलंडच्या ओटागोजवळ एका पत्रकाराला ते दिसले. त्यानंतर साडेचार महिने काहीच खबर नाही. ६ एप्रिल १९६९ ला अझोर्स बेटांजवळ ‘मोबिल अ‍ॅक्मे’ या टँकरला दिसले तेव्हा जगाला कळलं की हा माणूस जिवंत आहे. मधल्या काळात सांगायला दुसरं कोणी नाही. मौखिक परीक्षेत तुम्हाला ‘हा स्रोत विश्वसनीय कशावरून?’ असं विचारतात ना, अगदी तीच परिस्थिती.

आणि याच शर्यतीत एकाने खोट्या नोंदी केल्या होत्या! डोनाल्ड क्रोहर्स्ट ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ ही नवीकोरी, तीन सांगाड्यांची होडी घेऊन ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी निघाले. घाईत बांधलेली ती होडी लगेच गळायला लागली. दक्षिण महासागरात ती टिकणार नाही हे त्यांना कळलं, परतलो तर कर्जात बुडू हेही कळत होतं. मग ते अटलांटिकमध्येच राहिले आणि रेडिओवरून पुढची पुढची खोटी ठिकाणं कळवत गेले. त्यांचे आकडे वाचून फ्रान्सिस चिचेस्टर यांच्यासारख्या जाणत्याला शंका आली होती, बाकीच्यांना नाही. क्रोहर्स्ट मागून वेगाने येतायत असं समजून टेटली यांनी आपली मोडकी होडी ताणली आणि मे १९६९ मध्ये घराच्या इतक्या जवळ येऊन ती बुडाली; टेटली वाचले. क्रोहर्स्ट यांची होडी १० जुलैला रिकामी सापडली. आतल्या वह्यांवरून सगळं उलगडलं. जिंकलेले ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी त्यांच्या कुटुंबाला दिले.

क्रोहर्स्ट यांच्या बाबतीत मला सर्वांत बोलकी वाटते ती एक छोटी घटना. मार्च १९६९ मध्ये ते अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर रिओ सलादो इथे उतरले होते. नियमाप्रमाणे जमिनीला लागलात की शर्यतीतून बाद. तरी उतरले, कारण होडीच्या उजव्या बाजूच्या सांगाड्याला भोक पडलं होतं आणि ते बुजवायला प्लायवूड आणि स्क्रू हवे होते. तिथल्या तटरक्षकांनी ते पाहिलं. रेडिओवर हव्या त्या अक्षांशाचा आकडा सांगता येतो, पण फुटलेल्या सांगाड्याला लाकडाचा तुकडा लागतोच, आणि तो कुठून तरी आणावा लागतो.

‘सुहेली’कडे याच नजरेने बघा. नोंदवही म्हणते की अमुक ठिकाणी बाहेरून पट्टी मारली. ती खरी असेल तर होडी परत आल्यावर तिच्या तळाला पट्टी असली पाहिजे आणि खाली गोदीतलं नेटकं काम नसलं पाहिजे. डेकवरचं घर लाटेच्या माऱ्याने हललं असं लिहिलंय, तर सांध्यांत ते दिसलं पाहिजे. स्वयंचलित सुकाणू तुटलं म्हणतात, तर ते परत यायला नको. मजकूर आणि वस्तू यांना असं समोरासमोर उभं करणं ही स्रोत-चिकित्साच आहे. आपण ती दोन कागदांमध्ये करायला शिकतो, एवढंच.

बरं, पण वस्तूसुद्धा कायम तीच राहत नाही, आणि इथे ‘सुहेली’ खरी अडचणीत आणते. १९८९ मध्ये कोलंबसाच्या वाटेने, जुन्या पद्धतीच्या अ‍ॅस्ट्रोलेबवर अक्षांश काढत ती अटलांटिक पार गेली. परतताना डोलकाठ्या गेल्या. १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ग्रीनलंडला गेली. १९९७ मध्ये ती ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. छप्पर, प्रकाश, नियंत्रित कोरडी हवा, प्रेक्षक. ऐतिहासिक वस्तूला याहून सुरक्षित जागा कोणती?

ती तिथे मरायला लागली. हे आलंकारिक नाही. माझं पदव्युत्तर शिक्षण पदार्थविज्ञानातलं, म्हणून हा भाग मला विशेष आवडतो. ओल्या लाकडातली आर्द्रता एका मर्यादेखाली गेली की पेशींच्या भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि लाकूड आकसतं. तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाही, पण आडवं बऱ्यापैकी. पंधरा सेंटिमीटर रुंदीची फळी दोन-तीन टक्के जरी आकसली तरी तीन ते साडेचार मिलिमीटर गेले. आता एका बाजूला अशा फळ्या एकाखाली एक किती असतात ते मोजा. प्रत्येक सांधा उघडतो, आणि लोखंडी बोल्टांनी जागेवर धरलेली फळी आकसताना कुठे तरी चिरते. पुस्तक किंवा तैलचित्र जपायला जी हवा चांगली, तीच समुद्रात मुरलेल्या सागाला घातक.

२००२ मध्ये मालकाने होडी संग्रहालयातून काढून घेतली, फालमथला नेली आणि दुरुस्तीला लागले. बरंचसं काम स्वतःच्या हाताने. गंजलेले लोखंडी खिळे-बोल्ट काढून ब्राँझचे घातले. ओकच्या लाकडातलं टॅनिक आम्ल लोखंड खातं, साग तसं करत नाही, ही सागाची जुनी कीर्ती. पण खारं पाणी शेवटी पोचतंच. २००५ मध्ये ‘सुहेली’ पुन्हा शर्यतीत उतरली, आइल ऑफ वाइटला वळसा घालणाऱ्या ‘राउंड द आयलंड’मध्ये.

आता सांगा, ही ‘मूळ’ होडी का? थीसियसच्या जहाजाचं कोडं तत्त्वज्ञानाच्या तासाला ठीक आहे. पुरीला नवकलेवरात मूर्तींचं लाकूड बदलतं आणि देव तोच राहतो, त्यामुळे आपल्याला या कोड्याने दचकायचं कारणही नाही. संशोधकाची अडचण वेगळी आणि जास्त व्यावहारिक आहे. कुलाब्याच्या कारागिराने ठोकलेला लोखंडी बोल्ट हा पुरावा होता, त्याचा आकार, अंतर, कोन, सगळंच. तो काढला तर पुरावा गेला. नाही काढला तर होडी गेली. संग्रहालयाने पुरावा जपायला घेतला आणि वस्तू जाऊ लागली. मालकाने वस्तू जपली आणि पुरावा बदलला. माझं मत मालकाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर : काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद हवी, फोटो हवा, मोजमाप हवं. दुरुस्तीची वही ही मग होडीइतकीच मोलाची होते.

तिसरा मार्गही कोणी तरी करून पाहिला आहे, आणि तो आपल्याकडून जातो. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भारतीय नौदलाच्या कमांडर दिलीप दोंदे यांना मार्गदर्शन केलं होतं. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले. २०१८ मध्ये, पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून, ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा भरवली गेली : १९८८ च्या आधीच्या घडणीच्या, लांब कीलच्या होड्या, जीपीएस नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. टॉमी उतरले ते ‘थुरिया’ घेऊन. ‘थुरिया’ म्हणजे ‘सुहेली’ची प्रतिकृती, गोव्याच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली, २०१७ मध्ये पाण्यात उतरलेली. प्रतिकृती वापरून बघणं ही पुरातत्त्वातली मान्य पद्धत आहे. फक्त प्रतिकृती घडणीची होते, डागडुजीची होत नाही. ‘सुहेली’चे कच्चे सांधे तिच्या मालकाला मुंबई ते लंडन प्रवासात हाताने माहीत झाले होते.

२१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘थुरिया’च्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन यांच्या, वेगळ्या घडणीच्या होडीच्याही डोलकाठ्या गेल्या, तेव्हा यावरून ‘सुहेली’च्या घडणीबद्दल निकाल देऊ नका. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचललं. ‘थुरिया’ तिथेच समुद्रात सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी १४ जूनला, बरोबर पन्नास वर्षांनी, ‘सुहेली’ फालमथच्या पाण्यात होती, शिडं लावलेली.